भोवऱ्याची अस्थिरता आणि इशाऱ्याचे मोल

३ एप्रिल १९७४ रोजी अमेरिकेच्या ओहायो राज्यातील झीनिया या शहरावरून एक टॉर्नेडो गेला. त्या दिवशी व दुसऱ्या दिवशी मिळून तेरा राज्यांत १४८ टॉर्नेडो उद्भवले आणि तीनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली; त्यांपैकी तिसाहून अधिक एकट्या झीनियातील होती. गावातील एका शाळकरी मुलाने घरच्या कॅमेऱ्याने टिपलेली त्या वादळाची चित्रफीत पुढे शास्त्रज्ञांच्या अभ्यासाचा विषय झाली. टॉर्नेडो म्हटला की ढगातून हत्तीच्या सोंडेसारखा लोंबणारा एकच स्तंभ आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. या चित्रफितीत मात्र एका विस्तीर्ण, काळ्याकुट्ट गरगराटाच्या कडेने अनेक बारीक भोवरे एकामागून एक जन्माला येताना दिसतात. ते एका अदृश्य मध्याभोवती फेर धरतात आणि काही क्षणांत विरून जातात. भोवऱ्याच्या पोटी भोवरे, असा हा प्रकार होता.

असा उपभोवरा ज्या घरावर टेकतो ते घर पायापासून उखडले जाते आणि हाकेच्या अंतरावरील दुसरे घर जवळजवळ शाबूत राहते. अशा वेळी वाचलेला माणूस देवाचे आभार मानतो व गेलेल्याच्या नावाने आपण दैवाला बोल लावतो. वस्तुतः हा खेळ दैवाचा नसून प्रवाही पदार्थांच्या गतिशास्त्राचा आहे, आणि गेल्या सुमारे शंभर-दीडशे वर्षांत त्याचे नियम पुष्कळसे उलगडले आहेत. प्रस्तुत लेखक अर्थशास्त्राचा अध्यापक आहे. हवामानशास्त्र हा त्याचा प्रांत नव्हे. तथापि या नियमांतून जे ज्ञान हाती येते ते मुळातच अनिश्चित स्वरूपाचे असते. अशा अनिश्चित ज्ञानाचे मोल कसे करावे आणि ते कोणाच्या पदरात पडते, हा प्रश्न मात्र अर्थशास्त्राचा आहे. त्यासाठी आधी भोवऱ्याचे अंतरंग थोडे समजून घेतले पाहिजे.

घूर्णन येते कोठून?

उन्हाळ्याच्या दुपारी माळरानावर उठणारी वावटळ आपल्या परिचयाची आहे. तापलेल्या जमिनीलगतची हवा वर चढते, भोवतालची हवा आत धावते आणि पालापाचोळा घेऊन गरगरत जाते. तिचा ढगाशी काही संबंध नसतो. समुद्रावरून येणारे चक्रीवादळही आपल्याला ठाऊक आहे. त्याचा विस्तार शेकडो किलोमीटरांचा व आयुष्य दिवसांचे असते. टॉर्नेडो या दोहोंहून निराळा. तो गडगडाटी वादळाच्या ढगाखाली जन्मतो. त्याची रुंदी बहुधा काही शे मीटर, क्वचित दोन-चार किलोमीटर असते आणि त्याचे आयुष्य बहुधा मिनिटांत मोजावे लागते. १८ मार्च १९२५ रोजी मिझुरी, इलिनॉय व इंडियाना या तीन राज्यांतून सुमारे साडेतीन तास धावलेला व ६९५ बळी घेणारा टॉर्नेडो हा अपवादच म्हणावा लागेल.

या भोवऱ्याचे बीज वाऱ्यांच्या विषमतेत असते. अमेरिकेच्या मध्यवर्ती मैदानांत वसंत ऋतूत जमिनीलगत मेक्सिकोच्या आखाताकडून उबदार, दमट हवा येते. तिच्यावर पश्चिमेकडील डोंगराळ, रखरखीत प्रदेशावरून आलेली कोरडी हवा पसरते आणि त्याहून वर पश्चिमेचे वारे अतिशय वेगाने वाहत असतात. खालचा थर मंद व वरचा वेगवान अशी स्थिती असली की मधली हवा पोळपाटावरील लाटण्यासारखी आडवी लोळू लागते. हे आडवे घूर्णन तसे निरुपद्रवी असते. पण दमट हवेचा जोरदार ऊर्ध्वप्रवाह त्यात घुसला की आडवे लाटणे उभे होते आणि ढगाचा काही किलोमीटर रुंदीचा मधला भागच सावकाश फिरू लागतो.

एवढ्याने टॉर्नेडो होत नाही. ढगाच्या मध्यावर असलेले घूर्णन जमिनीपर्यंत यावे लागते आणि त्याला कारण होतो तो पावसाने गारठलेल्या हवेचा अधःप्रवाह. गार व उबदार हवेच्या सीमेवर नवे घूर्णन निर्माण होते. खाली येणारी हवा ते जमिनीलगत आणते आणि मग वरचा ऊर्ध्वप्रवाह त्याला ओढून ताणतो. ताणलेला भोवरा अरुंद होतो व अरुंद होताच वेग घेतो. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत फिरत्या स्टुलावर बसवलेल्या विद्यार्थ्याने पसरलेले हात जवळ घेताच स्टूल गरकन फिरू लागते, तोच हा कोनीय संवेगाचा नियम होय. केंद्रापासून दोन किलोमीटरवर सेकंदाला पाच मीटर, म्हणजे तासाला अवघ्या १८ किलोमीटर वेगाने फिरणारी हवा दोनशे मीटरपर्यंत आत ओढली गेली, तर घर्षण जमेस न धरता तिचा वेग दहापट, म्हणजे तासाला १८० किलोमीटर होतो.

मात्र खालची गार हवा थोडी अधिक गार असली तर ती वर उचलली जात नाही आणि सारा खटाटोप फुकट जातो. ढगाचा मध्य फिरू लागलेल्या वादळांपैकी फार थोड्यांतूनच टॉर्नेडो निर्माण होतो, आणि रडारच्या पडद्यावर फळणारे व न फळणारे वादळ अनेकदा जुळ्या भावंडांसारखे दिसते. इशारा देणाऱ्याची पहिली अडचण येथे सुरू होते.

चहाच्या कपातील धडा

घर्षणाने वेग कमी होतो असे आपण शाळेत शिकतो. टॉर्नेडोत मात्र सर्वांत घातक वारा जमिनीलगतच्या काही दशक मीटरांतच सापडतो. या विसंगतीचे उत्तर चहाच्या कपात आहे. चहा चमच्याने ढवळून सोडून दिला की तळाची पत्ती कडेला न जाता मध्यभागी गोळा होते. अल्बर्ट आइनस्टाइन यांनी १९२६ मध्ये नद्यांच्या वळणांचा विचार करताना या साध्या गोष्टीचा खुलासा केला होता. फिरणारा चहा बाहेर जाऊ पाहतो आणि कडेकडचा वाढलेला दाब त्याला आत ढकलत असतो. या दोहोंचा तोल असतो. तळाशी घर्षणाने फिरण्याचा वेग कमी होतो व बाहेर जाण्याची ओढ घटते, पण आत ढकलणारा दाब तेवढाच राहतो. परिणामी तळाचा चहा मध्याकडे धावतो आणि पत्तीला बरोबर नेतो.

टॉर्नेडोच्या पायथ्याशी नेमके हेच घडते. जमिनीच्या घर्षणाने तोल बिघडतो, हवा आत मुसंडी मारते, केंद्राच्या अगदी जवळ पोहोचते आणि तेथून एकदम वर उसळते. जेथे माणसे राहतात नेमक्या त्याच उंचीवर निसर्गाने आपला सारा जोर आणून ठेवावा, हे मानवाचे दुर्दैव म्हटले पाहिजे. ३ मे १९९९ रोजी ओक्लाहोमातील मूर शहराकडे गेलेल्या टॉर्नेडोत फिरत्या डॉप्लर रडारने तासाला सुमारे ४८० किलोमीटर इतका वेग मोजला.

भोवरा फुटतो तेव्हा

आता झीनियातील त्या उपभोवऱ्यांकडे वळू. ओक्लाहोमातील नॉर्मन येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेत नील वॉर्ड यांनी बंद कक्षात वरून पंख्याने हवा ओढून व खालून तिला फिरवत आत सोडून छोटे टॉर्नेडो तयार केले. त्यांचा निबंध १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. भोवऱ्याचे रूप हे मुख्यतः एका गुणोत्तरावर अवलंबून असते, असे त्यातून दिसले. आत येणारी हवा किती फिरते आणि किती वर चढते, यांचे ते गुणोत्तर. फिरणे कमी व चढणे अधिक असेल तर एक सडपातळ स्तंभ तयार होतो व त्याच्या मध्यातून हवा वर जाते. फिरणे वाढवत नेले की स्तंभाच्या वरच्या भागात एक फुगवटा येतो. नळाची धार मोरीत पडल्यावर पाणी आधी पातळ थराने पसरते आणि मग एका वर्तुळावर अचानक जाड होते, त्याची आठवण यावी असा हा बदल असतो. फिरणे आणखी वाढले की हा फुगवटा खाली सरकतो आणि शेवटी जमिनीला टेकतो. आता मध्यातून हवा वर जाण्याऐवजी खाली येऊ लागते व भोवरा नळीसारखा पोकळ होतो. आत काहीशी शांत हवा आणि भोवती प्रचंड वेगाने फिरणारे कडे, अशी त्याची रचना होते.

शांत व वेगवान प्रवाहांची अशी तीव्र सीमा निसर्गाला फार काळ मानवत नाही. हेल्महोल्ट्झ, केल्विन व रॅले या एकोणिसाव्या शतकातील पंडितांनी हे सिद्ध केले होते की, भिन्न वेगांच्या दोन थरांच्या सीमेवरील बारीकशी लाटही आपोआप वाढत जाते आणि अखेर गुंडाळी होऊन तिचे भोवरे बनतात. पोकळ टॉर्नेडोचे कडे याच नियमाने फुटते. प्रयोगशाळेत त्याचे आधी दोन, मग तीन व गुणोत्तर वाढेल तसे आणखी उपभोवरे झालेले दिसतात. प्रत्येक उपभोवरा स्वतःभोवती फिरतो, मुख्य केंद्राभोवती फिरतो आणि सबंध वादळाबरोबर पुढेही जातो. ज्या बाजूला हे तिन्ही वेग एकाच दिशेने येतात तेथे त्यांची बेरीज होते, आणि त्या अरुंद पट्ट्यात काहीही उभे राहू शकत नाही.

तेत्सुया फुजिता या जपानी शास्त्रज्ञाने हेच जमिनीवरील खुणांवरून ओळखले होते. १९४५ मध्ये नागासाकी व हिरोशिमा येथील विध्वंसाची पाहणी केलेला हा तरुण १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठात गेला आणि पुढे टॉर्नेडोंच्या मार्गांची विमानातून छायाचित्रे घेऊ लागला. शेतांत त्याला एकात एक गुंतलेल्या वळणदार रेषा दिसल्या. जड वस्तू फरफटत गेल्याचे हे ओरखडे असावेत, असा तोवर समज होता. फुजिताने दाखवून दिले की ते ओरखडे नसून उपभोवऱ्यांनी गोळा करून टाकलेल्या काडीकचऱ्याच्या ओळी आहेत. टॉर्नेडोची तीव्रता विध्वंसावरून ठरविण्याची त्याची १९७१ ची श्रेणी आज सुधारलेल्या स्वरूपात वापरली जाते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. सबंध भोवरा हा चिवट असतो. वेगाने फिरणाऱ्या गाभ्यात बाहेरची हवा सहजासहजी शिरू शकत नाही, म्हणूनच तो मैलोगणती टिकतो. मात्र त्याच्या पोटातील रचना क्षणाक्षणाला मोडत व जुळत असते. वादळ कोणत्या दिशेने जाईल हे सांगता येते. त्यातील उपभोवरा कोणत्या अंगणात उतरेल हे सांगता येत नाही. ही उणीव केवळ उपकरणांची नव्हे. एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९६३ मध्ये दाखवून दिले की, नियमबद्ध समीकरणांतही आरंभीचा अत्यल्प फरक कालांतराने प्रचंड होऊ शकतो. ब्राझीलमधल्या फुलपाखराच्या पंखांमुळे टेक्सासमध्ये टॉर्नेडो उठेल काय, हा प्रश्नच त्यांच्या १९७२ मधील व्याख्यानाचे शीर्षक झाला. अलीकडे विस्कॉन्सिन विद्यापीठातील ली ऑर्फ यांनी २४ मे २०११ च्या ओक्लाहोमातील वादळाची परिस्थिती महासंगणकाला देऊन तीस मीटरांच्या जाळीवर टॉर्नेडो उभा केला. भोवरे कसे एकत्र येतात हे त्यातून उत्तम समजले. परंतु घडून गेलेले समजणे आणि घडणारे सांगणे यांत अंतर राहतेच.

९६.६ टक्क्यांची कहाणी

भाकिताची अचूकता हा किती फसवा शब्द आहे, याचा धडाही टॉर्नेडोच्याच इतिहासात आहे. १८८४ च्या वसंतात अमेरिकी सैन्याच्या सिग्नल विभागातील जॉन फिन्ली यांनी २,८०३ भाकिते केली आणि त्यांपैकी ९६.६ टक्के खरी ठरली, असे जाहीर केले. त्याच वर्षी भूगर्भशास्त्रज्ञ ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी या आकड्याची हवा काढून घेतली. डोळे मिटून प्रत्येक वेळी ‘टॉर्नेडो होणार नाही’ असे म्हटले असते तरी ९८.२ टक्के भाकिते खरी ठरली असती! फिन्लींनी शंभर वेळा टॉर्नेडो सांगितला, त्यांपैकी २८ वेळा तो आला. आणि प्रत्यक्ष आलेल्या ५१ पैकी २३ त्यांच्या हातून निसटले. तरीही त्या २८ वेळा जे हाती आले त्याचे मोल ‘नाही’चा जप करणाऱ्याच्या ९८ टक्क्यांहून कितीतरी अधिक होते. दुर्मिळ पण भयंकर संकटाच्या बाबतीत टक्केवारी खोटे बोलते, कारण दोन प्रकारच्या चुकांची किंमत सारखी नसते.

पुढे लोकांत घबराट पसरेल या भयाने सरकारी भाकितांत ‘टॉर्नेडो’ हा शब्दच वर्ज्य ठरविण्यात आला; ही बंदी १९३८ पर्यंत टिकली. २५ मार्च १९४८ रोजी ओक्लाहोमातील टिंकर हवाई तळावर अर्नेस्ट फॉबुश व रॉबर्ट मिलर या दोन अधिकाऱ्यांनी धाडसाने टॉर्नेडोचे भाकीत केले आणि त्याच सायंकाळी तो त्याच तळावर आला. विमाने सुरक्षित जागी हलविली गेली होती. आधुनिक इशाऱ्यांची सुरुवात तेथून झाली.

इशाऱ्याची पत

१९९० च्या दशकात अमेरिकेत डॉप्लर रडारांचे जाळे उभे राहिले. केव्हिन सिमन्स व डॅनियल सटर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी हिशेब मांडला तेव्हा असे दिसले की, रडार बसल्यानंतर टॉर्नेडोतील अपेक्षित मृत्यू सुमारे ४५ टक्क्यांनी व जखमींचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटले. सार्वजनिक खर्चाचे याहून स्वच्छ समर्थन क्वचितच सापडेल. पण याच दोघांनी आणखी एक गोष्ट दाखविली. ज्या भागात पोकळ इशाऱ्यांचे प्रमाण अधिक, त्या भागात टॉर्नेडोचे बळीही अधिक. अमेरिकेतील टॉर्नेडोच्या इशाऱ्यांपैकी ढोबळमानाने सत्तर टक्के इशारे पोकळ ठरतात. ‘लांडगा आला रे’ ही गोष्ट आपण मुलांना सांगतो, परंतु येथील गुराखी खोटारडा नाही. भोवऱ्याच्या स्वभावामुळेच त्याला दहांतून सात वेळा उगाच ओरडावे लागते. तो कमी ओरडला तर खरा लांडगा निसटेल.

२२ मे २०११ रोजी मिझुरीतील जॉप्लिन शहरात टॉर्नेडो टेकण्यापूर्वी भोंगा वाजला होता. नंतरच्या सरकारी पाहणीत आढळले की, बहुसंख्य लोक पहिल्या भोंग्यावर हललेच नाहीत. भोंगे नेहमीच वाजतात, म्हणून त्यांनी खात्री करून घेण्यासाठी खिडकीतून पाहिले, दूरचित्रवाणी लावली, शेजाऱ्याला विचारले. त्या दिवशी १५८ माणसे गेली. त्यांना मूर्ख म्हणणे सोपे आहे, पण पुन्हा पुन्हा पोकळ ठरलेल्या सूचनेवर विश्वास न ठेवणे ही मनुष्यस्वभावाची स्वाभाविक काटकसर आहे. शिवाय जाणकारही चकतात. ३१ मे २०१३ रोजी एल रीनो येथे ४.२ किलोमीटरपर्यंत रुंदावलेल्या टॉर्नेडोत आयुष्यभर या वादळांचा अभ्यास केलेले टिम समारास, त्यांचा मुलगा व एक सहकारी मृत्यू पावले. त्यांची मोटार एका उपभोवऱ्यात सापडली होती.

तेव्हा इशारा हा दुहेरी आधाराचा प्रश्न आहे. दहापंधरा मिनिटांत माणसाला जाता येईल अशी बळकट जागा जवळ असली, तर पोकळ इशाऱ्याची किंमत थोडी असते. तळघरात जाऊन परत यायला काय लागते? अशी जागा नसली, तर खरा इशाराही केवळ भीतीची आगाऊ सूचना ठरतो. २० मे २०१३ रोजी मूर शहरातील एका प्राथमिक शाळेत सात मुले दगावली. शाळेत आसरा घेण्याजोगी भक्कम खोली नव्हती. दुसऱ्याच वर्षी त्या शहराने घरे तासाला २१७ किलोमीटरच्या वाऱ्याला टिकतील असा बांधकामाचा नियम केला. सिमन्स व त्यांच्या सहकाऱ्यांच्या हिशेबाप्रमाणे हा नियम सबंध ओक्लाहोमा राज्यात लागू केल्यास खर्चाच्या सुमारे तिप्पट लाभ होतो. छत व भिंत यांना जोडणारे पोलादी बांध एवढाच त्यातला मोठा भाग आहे. उपभोवऱ्यापुढे अशी घरेही टिकणार नाहीत. पण टॉर्नेडोच्या मार्गातील बहुतेक घरे उपभोवऱ्याच्या बाहेरच असतात आणि ती वाचतात.

माणिकगंजचा हिशेब

आता या सर्वाचा दुसरा ताळेबंद पाहू. जगातील सर्वांत प्राणघातक टॉर्नेडो अमेरिकेत झालेला नाही. जागतिक हवामान संघटनेच्या नोंदीप्रमाणे तो २६ एप्रिल १९८९ रोजी बांगलादेशातील माणिकगंज जिल्ह्यात झाला. दौलतपूर व साटुरिया भागांत सुमारे १,३०० माणसे गेली. समीकरणे तीच होती. मेक्सिकोच्या आखाताऐवजी बंगालच्या उपसागरावरील दमट हवा, पश्चिमेकडून आलेली कोरडी हवा आणि वर वेगवान पश्चिमी वारे. वैशाखातील ज्या वादळांना बंगाली माणूस कालबैशाखी म्हणतो, त्यांतूनच हे भोवरे जन्मतात. निराळे होते ते खालचे जग. दाट वस्ती, बांबू-मातीच्या भिंती, वर पन्हळी पत्रे. वाऱ्याने सुटलेला पत्रा पात्यासारखा कापतो. आपल्याकडे पत्र्यावर दगड ठेवून पावसाळा काढणाऱ्या कुटुंबाला हे समजावून सांगावे लागणार नाही.

बांगलादेश हतबल आहे असे यावरून कोणी समजू नये. १९७० च्या चक्रीवादळात जेथे लाखोंचा संहार झाला, तेथेच २०२० च्या अम्फानमध्ये मृतांची संख्या शंभराच्या पुष्कळ आत राहिली. इशारा, स्वयंसेवक आणि आश्रयगृहे यांच्या साखळीने हे साधले. परंतु चक्रीवादळ दोन-तीन दिवसांची मुदत देते, टॉर्नेडो दहा मिनिटांची. दोन मैलांवरचे आश्रयगृह येथे उपयोगाचे नाही. आसरा घरातच किंवा घराला लागून असला पाहिजे.

आपला देशही या कक्षेबाहेर नाही. १७ मार्च १९७८ रोजी उत्तर दिल्लीत टॉर्नेडोने २८ बळी घेतले. ३१ मार्च २०२४ रोजी पश्चिम बंगालच्या जलपाईगुडी जिल्ह्यात काही मिनिटांच्या वादळाने शेकडो घरे मोडली. मोबाईलवर एकाच वेळी आपत्कालीन संदेश पोहोचविण्याच्या चाचण्या २०२३ मध्ये आपल्याकडे झाल्या, ही स्वागतार्ह गोष्ट होय. पण संदेश मिळालेल्या माणसाने जावे कोठे, या प्रश्नाचे उत्तर संदेशात नसते. बंगाल, ओडिशा व आसामच्या वादळी पट्ट्यात प्रत्येक शाळेत एक पक्क्या छताची खोली, पत्र्याच्या घरांना आकडे व बांध यांसाठी अल्प अनुदान, आणि प्रत्येक घटनेनंतर फुजिताच्या पद्धतीने काटेकोर पाहणी, एवढे जरी झाले तरी ते अवाढव्य खर्चाचे काम नाही.

आपत्तीनंतर मदतनिधी जाहीर करणारे सरकार दिसते. आपत्तीपूर्वी छताला बांध घालणारे सरकार दिसत नाही. म्हणून पहिल्या खर्चाला टाळ्या मिळतात व दुसऱ्याला कात्री लागते. शास्त्राने आपले काम प्रामाणिकपणे केले आहे. भोवरा का फुटतो हे त्याने सांगितले आणि तो नेमका कोठे फुटेल हे सांगता येणार नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले. हे दुसरे उत्तर ऐकून घेण्याची तयारी आता समाजाने दाखवायची आहे. कोणते घर उपभोवऱ्याखाली येईल हे ठाऊक नसल्यामुळेच प्रत्येक घराची काळजी घेणे हा अशा वेळी एकमेव शहाणपणाचा हिशेब ठरतो. माणिकगंजच्या तेराशे माणसांच्या नावे एवढी बेरीज तरी आपण शिकली पाहिजे.